‘असं काही नसतंच’ म्हणणाऱ्यांशी किती वाद घालायचा?

पत्र :

ताई, नमस्कार. मी मूळची सांगलीची, गेली अठरा वर्षं न्यू जर्सीत आहे. एका कंपनीत डेटा विभागात टीम लीड म्हणून काम करते. लिहायला बसले आहे ते एका रागाबद्दल. हा राग हल्ली मला रात्री झोपू देत नाही.

ऑफिसात माझ्याच पातळीवर काम करणारा एक गोरा सहकारी आहे. माणूस चांगला आहे. माझ्या मुलाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने तीन आठवडे माझं काम न सांगता ओढलं. पण ‘गोऱ्या माणसाला या देशात जन्मापासूनच काही गोष्टी आयत्या मिळतात’ असं कुणी म्हटलं की तो पेटतो. ‘माझा बाप पिट्सबर्गजवळ पोलाद कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. चर्चमधून येणाऱ्या शिध्यावर आम्ही दोन वर्षं काढली. कसलं प्रिव्हिलेज?’ हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मार्चमध्ये आमच्याकडे एका जागेसाठी मुलाखती झाल्या. शेवटी दोन मुलं उरली, एक गोरा, एक काळा. काळ्या मुलाचा अनुभव जास्त होता. बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘हा आपल्या टीममध्ये कितपत मिसळेल शंका वाटते.’ सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जागा दुसऱ्याला गेली. नंतर कॉफीच्या वेळी मी सहकाऱ्याला म्हटलं, हे रंगामुळे झालं. तो म्हणाला, ‘तुला सगळीकडे तेच दिसतं.’ तेव्हापासून आमचं कामापुरतंच बोलणं आहे.

इथल्या मराठी मंडळात दुसरी तऱ्हा. तिथे एक काका आहेत, सत्तरच्या दशकात आलेले. गणपतीत जेवताना त्यांचं भाषण ठरलेलं असतं. ‘आम्ही खिशात आठ डॉलर घेऊन आलो. आज आपले लोक गोऱ्यांपेक्षा जास्त कमावतात. गोरेपणाचा एवढा फायदा असता तर हे झालं असतं का? ज्यांना कष्ट नकोत त्यांची ही रड आहे.’ सगळे दाद देतात. माझा घास घशात अडकतो. नवरा म्हणतो, सोड ना, तुला काय करायचंय.

ताई, अशा लोकांना कसं पटवायचं? की नादच सोडून द्यायचा?

– एक वाचक, न्यू जर्सी

*

प्रिय वाचक,

तुमच्या रागात मला काही वावगं दिसत नाही. डोळ्यांसमोर घडलेलं कुणी ‘घडलंच नाही’ म्हणून सांगायला लागलं की माणूस आधी समोरच्यावर चिडतो आणि मग रात्री पडल्यापडल्या स्वतःलाच विचारायला लागतो, की मीच तर जास्त ताणत नाही ना. तुमची झोप बहुतेक या दुसऱ्या प्रश्नाने उडाली आहे. म्हणून आधी त्याचं उत्तर देते. तुम्ही ताणत नाही आहात.

अमेरिकेत गोरेपणाचा फायदा तिथल्या कायद्यातच छापलेला होता. १७९० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्या माणसाला नागरिक व्हायचं तर तो ‘गोरा’ असावा लागे. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात घेतलं. पण वर्णाची अट पूर्णपणे गेली ती १९५२ साली. म्हणजे तुमच्या आजी-आजोबांच्या हयातीत. आणि हे सगळं मागे पडलं असं कुणी म्हणेल, तर मिलवॉकी शहरात झालेला एक प्रयोग आहे. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तो केला आणि २००३ साली प्रसिद्ध केला. सारख्या शिक्षणाची, सारख्या बोलण्या-वागण्याची चार तरुण मुलं त्यांनी नोकरी मागायला पाठवली, दोन गोरी आणि दोन काळी. प्रत्येक जोडीतल्या एकाने आळीपाळीने सांगायचं की मी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलो आहे. कधीच तुरुंगात न गेलेल्या काळ्या मुलाला १०० पैकी १४ ठिकाणांहून पुढचं बोलावणं आलं. तुरुंगातून सुटून आलेल्या गोऱ्या मुलाला १७ ठिकाणांहून. हे वाचल्यावर मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

तर तुम्हाला दिसतं ते आहे. पण माझी एक विनंती ऐका, हे आकडे इतक्यात सहकाऱ्याच्या टेबलावर आपटू नका.

त्याचं बोलणं पुन्हा नीट वाचा. तुम्ही म्हणता ‘प्रिव्हिलेज’, आणि तो बापाबद्दल बोलायला लागतो. दरवेळी. हा शब्दच असा आहे. मराठीत त्याला ‘विशेषाधिकार’ म्हणतात, आणि तो ऐकला की सरदार-जहागीरदारच डोळ्यांसमोर येतात. ज्या पोराने नवव्या वर्षी दुसऱ्याने दिलेल्या शिध्याच्या पिशव्या घरी उचलून आणल्या, त्याला या शब्दात एवढंच ऐकू येतं की ‘तुमचं कसलं आलंय दुःख?’ मग तो बापाची बाजू घेऊन उभा राहतो. कुठलाही मुलगा राहील. तुमच्या वडिलांबद्दल कुणी असं बोललं तर तुम्हीही आकडे ऐकून घ्यायला थांबणार नाही.

आणि त्याची हकीकत खोटी नाही. पिट्सबर्गच्या आसपास नदीकाठाने पोलाद कारखान्यांची रांगच होती, आणि १९७७ पासून पुढच्या दहा वर्षांत ते एकामागून एक बंद पडले. होमस्टेडचा प्रसिद्ध कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. गावंच्या गावं बसली. आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर गिरणगावात जे झालं ते आठवा. लालबाग-परळच्या चाळींत तेव्हा मोठी झालेली मुलं आज पन्नाशीत आहेत. त्यांना जाऊन कुणी म्हणालं की ‘तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फायदा होता’, तर ती काय उत्तर देतील?

पण गिरणीचीच गोष्ट जरा पुढे नेऊ, कारण मला वाटतं तुमची वाट तिथूनच निघते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा असे. त्या खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात, म्हणजे मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी साधनात, सुताची नवी कांडी भरली की सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागणार! त्यांनी कमी पगाराच्या खात्यांत राबायचं. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न काढला. एकजुटीच्या गोष्टी करणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी विचारलं की सगळ्या मागण्यांत ही मागणी का नाही. आता सांगा, विणकाम खात्यातला कामगार सुखी होता का? मुळीच नव्हता. दहा-दहा तास उभा राहायचा, कापसाची धूळ छातीत घ्यायचा, सावकाराचं देणं फेडता फेडता संपायचा. पण त्याच गेटातून आत येणाऱ्या दुसऱ्या माणसाला जे दार बंद होतं, ते याला उघडं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्याच्या हालअपेष्टांनी ते दार खोटं ठरत नाही, आणि त्या दारामुळे त्याच्या हालअपेष्टाही खोट्या ठरत नाहीत.

पोलाद कारखान्यांत हीच वाटणी होती. काळे कामगार बहुतेक करून कोक भट्ट्यांवर. कोळसा भाजून कोक करायची ती जागा, तिथला धूर आणि उष्मा इतका की कर्करोगाने माणसं जायची. बऱ्या पगाराच्या, हातात हुन्नर येईल अशा खात्यांत गोरे. आणि सगळी मेख होती ती सेवाज्येष्ठतेत. ज्येष्ठता खात्यापुरती मोजत, अख्ख्या कारखान्याची नव्हे. म्हणजे वीस वर्षं भट्टीवर काढलेल्या काळ्या कामगाराने दुसऱ्या खात्यात बदली मागितली, तर तिथे तो कालच्या पोराच्या खाली, आणि कपात आली की पहिला बाहेर. नियमात रंगाचा एक शब्दही नाही, तरी प्रत्येकजण जिथल्या तिथे. शेवटी १९७४ मध्ये नऊ पोलाद कंपन्या आणि कामगार संघटना यांना सरकारबरोबर न्यायालयात करार करावा लागला आणि ही पद्धत मोडली. मग तीनच वर्षांत कारखाने बंद पडायला सुरुवात झाली. काळ्या कामगाराला चांगल्या खात्याचं दार उघडतंय न उघडतंय तोच कारखान्याच्याच दाराला कुलूप लागलं.

तुमच्या सहकाऱ्याच्या वडिलांना हे माहीत असणार. कुठल्या खात्यात कोण होतं हे कामगाराला पाठ असतं.

म्हणून त्याच्याशी बोलायचं असेल तर तिथून सुरुवात करा. ‘प्रिव्हिलेज’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा. त्याला म्हणा, ‘तुझ्या बाबांबद्दल तू बरेचदा बोलतोस, मी कधी नीट ऐकून घेतलं नाही. सांग ना.’ आणि मग खरोखर ऐका. हा डाव म्हणून करू नका, त्याला लगेच कळेल. बाप कुठल्या खात्यात होता, बरोबर कोण असायचं, भट्टीवर कोण असायचं, पाळी सुटल्यावर कोण कुठल्या वस्तीत घरी जायचं. घराचा विषय निघाला तर तोही निघू द्या. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले होते, हिरवा, निळा, पिवळा, लाल. लाल म्हणजे कर्जाला धोका. वस्तीची माहिती भरायच्या छापील फॉर्मवर ‘निग्रो’ किती टक्के, असा रकानाच होता, आणि त्याच्या शेजारी अशा लोकांची ‘घुसखोरी’ होते आहे का, अशी नोंद करायला जागा. पिट्सबर्गचा नकाशा आहे, तुमच्या नेवार्क आणि ट्रेंटनचेही आहेत. रिचमंड विद्यापीठाने ते सगळे संगणकावर कुणालाही पाहता येतील असे ठेवले आहेत. त्याच्या आजोबांच्या गल्लीचा रंग कोणता ते दोघांनी मिळून शोधता येईल. आपल्या घराची गोष्ट शोधताना माणूस लढायला उभा नसतो, म्हणून हे सांगते.

हे करूनही त्याला पटलं नाही तर? शक्य आहे. तेव्हा विषय तिथेच थांबवा. तीन आठवडे न सांगता तुमचं काम ओढणारा माणूस या एका वादापायी गमवावा असं मला वाटत नाही.

काकांचं प्रकरण वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबाबतीत मला जास्त आशा नाही. पण त्यांचा मुद्दा तुमच्या घशात अडकतो, म्हणजे त्याचं उत्तर तुम्हाला हवं आहे.

आठ डॉलरची गोष्ट खरी आहे. त्या काळात परकीय चलनाची एवढी ओढाताण होती की सरकार परदेशी जाणाऱ्याला हातात तेवढेच देई. थंडीत अपुऱ्या कोटावर या लोकांनी दिवस काढले, त्याबद्दल आदरच आहे. पण विमानात बसायला त्यांना परवानगी कुणी दिली ते काका सांगत नाहीत. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेत स्थायिक व्हायला भारतीयांचा कोटा होता वर्षाला १००. साऱ्या देशातून शंभर माणसं! तो बदलला १९६५ च्या कायद्याने. काळ्या अमेरिकनांनी रस्त्यावर मार खाऊन, तुरुंग भरून, माणसं गमावून १९६४ चा नागरी हक्क कायदा मिळवला, १९६५ च्या ऑगस्टमध्ये मतदानाचा कायदा मिळवला, आणि त्याच वाऱ्यात ऑक्टोबरमध्ये वंशाच्या कोट्याची पद्धत गेली. ज्यांना काका ‘कष्ट नकोत’ म्हणतात, त्यांच्या आईवडिलांनी ढकललेल्या दारातून काका आत गेले.

आणि आत घेतलं ते कुणाला? डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ. ही चाळणी होती. कोट्यवधींच्या देशातून पदवीधर तेवढे वेचून घ्यायचे, त्यांतलेही बहुतेक सरकारी कॉलेजात नाममात्र फीवर शिकलेले, आणि ती कॉलेजं ज्यांना वर्षानुवर्षं मोकळी होती अशा घरांतले. चाळून घेतलेल्या दाण्यांची तुलना न चाळलेल्या पोत्याशी करून ‘पाहा आमचं वाण कसं’ म्हणणं बरोबर नाही. भारतीयांच्या कमाईने गोरेपणाचा फायदा खोटा ठरत नाही. अमेरिकेने भारतातून कुणाला निवडलं, तेवढंच त्यातून कळतं.

काकांसारखंच स्वतःला गोऱ्यांच्या रांगेत बसवून घ्यायचा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वी एका भारतीयाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात करून पाहिला होता. भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. नागरिकत्वासाठी त्यांनी मांडलं की मी उच्च जातीचा, आर्य आहे, म्हणजे गोराच. त्यांच्या बाजूने असंही सांगितलं गेलं की उच्च जातीचा हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे लग्नाच्या बाबतीत तसाच बघतो, जसा गोरा अमेरिकन निग्रोकडे. जातीची पावती दाखवून गोऱ्यांच्या पंगतीत पाट मागितला. १९२३ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने एकमताने सांगितलं, सामान्य अमेरिकन ज्याला गोरा म्हणतो तो तू नाहीस. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. पुढे १९३० च्या दशकात युद्धातल्या सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला, तेव्हा थिंद यांना नागरिकत्व मिळालं.

आणि त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८७३ मध्ये, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. मराठी माणसाने अमेरिकेकडे कसं पाहावं याचे हे दोन रस्ते तेव्हापासून उघडे आहेत. जात आणि वर्ण एकच नव्हेत, हे मला कळतं. पण फुल्यांना त्यातलं नातं दिसलं होतं आणि काकांना दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

काकांना चारचौघांत, पानावर बसलेले असताना खोडून काढू नका. वय झालेल्या माणसाला सगळ्यांसमोर माघार घेता येत नाही. एखाद्या रविवारी त्यांच्या घरी चहाला जा. काकूही असतील. १९८७ सालचं विचारा. तेव्हा जर्सी सिटीत एका टोळीने वर्तमानपत्राला पत्र लिहून भारतीयांना हाकलून देण्याची धमकी दिली होती. टोळीने स्वतःला नाव घेतलं होतं ते बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून. त्याच सुमाराला होबोकेनमध्ये एका तरुण भारतीयाला रस्त्यात मारहाण झाली आणि तो गेला. तेव्हा कित्येक बायका घराबाहेर पडताना कुंकू पुसत, साडी नेसत नसत. काकूंना आठवत असेल. आठ डॉलरच्या गोष्टीत ही गोष्ट कधी येत नाही, कारण ती सांगताना अभिमान वाटत नाही. त्यांनी सांगितली तर ऐका. त्यांच्याकडून काही कबूल करून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

आता ज्यासाठी मी तुमचं पत्र तीनदा वाचलं त्याकडे येते. तुम्ही एक वाक्य लिहून पुढे गेला आहात. ‘सगळ्यांनी माना डोलावल्या.’

त्या सगळ्यांत तुम्ही होतात का?

हा प्रश्न तुम्हाला लागेल, हे मला माहीत आहे. दुखवायला विचारत नाही. तुम्ही टीम लीड आहात, मुलाखतीच्या बैठकीत होतात, त्या मुलाचा अनुभव जास्त आहे हे तुम्हाला दिसत होतं. बोललात ते नंतर, कॉफी घेताना, आणि तेही एकट्या सहकाऱ्याशी. त्याच्या ‘तुला सगळीकडे तेच दिसतं’ या वाक्याचा राग इतके महिने उतरत नाही, त्यात थोडा राग त्या बैठकीतल्या स्वतःवरचा असेल, असं मला वाटतं. मी चुकत असेन तर सांगा. पण मला हे असंच काही उगाच सुचलेलं नाही.

१९८१ साली मी पुण्यात शिकायला आले. लातूरकडची एक मैत्रीण आणि मी, दोघी मिळून पेठेत खोली बघत होतो. एका वाड्यात वरच्या मजल्यावर खोली रिकामी होती. बाईंनी बसायला सांगितलं, तांब्या-भांडं पुढे ठेवलं आणि आडनावं विचारली. मी माझं सांगितलं. मैत्रिणीने तिचं सांगितलं. बाई आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, विसरलेच, खोली कालच दिली.’ तांब्या तसाच राहिला, दोघींपैकी कुणीच पाणी प्यायलं नाही. दोन दिवसांनी माझ्या मावशीकडे निरोप आला, तुमच्या एकटीसाठी खोली आहे. मी ती घेतली. मैत्रिणीला म्हटलं, मावशीच्या ओळखीने मिळाली.

ती येरवड्याला एका नातेवाइकांकडे राहिली. दोन बस बदलून यायची. सकाळी सातच्या तासाला मी पाच मिनिटांत चालत पोचायचे, ती आठवड्यातून दोनदा तरी उशिरा यायची आणि दाराबाहेर उभी राहायची. वर्षअखेरीला मला पहिला वर्ग मिळाला, तिचा सहा गुणांनी हुकला. मी रात्ररात्र अभ्यास केला होता, त्यात खोटं काहीच नाही. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते, पैशाची ओढाताण आमच्याकडेही होती. कुणी मला तेव्हा म्हटलं असतं की तुझ्या आडनावाने तुला पहिला वर्ग दिला, तर मी तुमच्या सहकाऱ्यासारखीच पेटले असते. पुढे पंधरा वर्षांनी मी तिला त्या खोलीचं खरं सांगितलं. ती म्हणाली, ‘मला तेव्हाच माहीत होतं. तू त्या दिवशी तिथे काही बोलशील असं वाटलं होतं, एवढंच.’

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या हातात फारसं काही नव्हतं. तुमच्या हातात आहे. म्हणूनच ‘कसं पटवायचं’ या प्रश्नावर तुमची रात्र जाते याचं मला वाईट वाटतं. सहकाऱ्याने मान्य केलं काय आणि नाही केलं काय, पुढच्या मुलाखतीला येणाऱ्या मुलाला त्याने काही फरक पडत नाही. त्याला फरक पडतो तो बैठकीत काय होतं याने.

म्हणून तिकडे लक्ष घाला. अर्ज आले की पहिल्या चाळणीत नाव, पत्ता, कॉलेजचं नाव झाकायला सांगा. हे का, तर बोस्टन आणि शिकागोत संशोधकांनी सुमारे ५,००० खोटे अर्ज पाठवले होते, मजकूर सारखाच, फक्त नावं बदललेली. एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांची वाटणारी नावं असली तर साधारण दहा अर्जांमागे एक फोन आला. लकिशा, जमाल अशी नावं असली तर पंधरांमागे एक. २००४ साली हे छापून आलं. तुमचं आमचं नाव असल्या यादीत कुठे बसतं, तेही मनात आणून बघा. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे. बैठक सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपापले गुण लिहून द्यायचे, म्हणजे पहिला बोलणाऱ्याच्या मागे बाकीचे जात नाहीत. आणि ‘मिसळेल का शंका वाटते’ असं कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथे शांतपणे विचारायचं, ‘मुलाखतीतल्या कुठल्या उत्तरावरून असं वाटलं?’ आवाज चढवायची गरज नाही. वर्णभेद हा शब्दही काढू नका. उत्तर असेल तर ते नोंदवलं जाईल. नसेल तर तेही सगळ्यांना दिसेल. पहिल्यांदा विचारताना हात थरथरतील, तर प्रश्न आधीच कागदावर लिहून न्या.

मार्चमधल्या त्या मुलाचा अर्ज तुमच्या कंपनीत अजून असेल. तुमच्याच किंवा शेजारच्या विभागात जागा निघाली तर त्याचं नाव तुम्ही सुचवू शकता. त्याला एव्हाना दुसरीकडे नोकरी लागलीही असेल. तरी एकदा बघा.

आणि हा तक्ता, प्रश्नांची यादी, गुणांचे रकाने, हे एकटीने करू नका. त्या सहकाऱ्याला बोलवा. माणसाला त्याच्या कष्टाची किंमत मिळाली पाहिजे यावर त्याचा विश्वास आहे, बापावरून तो एवढा चिडतो तो त्याचसाठी. त्याला सांगा, ‘ज्याचं काम चांगलं त्याला जागा मिळावी असं तू नेहमी म्हणतोस. मग ते नीट मोजता येईल असं काहीतरी करू. अर्धा तास बसशील माझ्याबरोबर?’ त्याला ‘प्रिव्हिलेज’ न मानताही यात सामील होता येईल. बसला तर तुमचं बोलणंही पुन्हा सुरू होईल. नाही बसला तर तक्ता तुम्हीच पूर्ण करा आणि पुढच्या बैठकीच्या आधी सगळ्यांना पाठवून द्या. त्यालाही.

तुमची,
ताई